कफ्रतूतची कडू कॉफी

फर्न-अश्शुब्बाक, बैरूत
३ मार्च १९९४

वजीहा,

अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी प्रकृती विचारायला हवी. कशी आहेस? मी बरी आहे. झालं.

काल तुमच्या समितीचं निमंत्रण आलं. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात देवदार, खाली एकमेकांत गुंफलेले दोन हात. मला वाटलं कुणाचं तरी लग्न निघालंय. आत लिहिलंय, 'कफ्रतूतच्या दोन्ही पंखांनी परतीच्या महोत्सवाला अगत्य यावे.' म्हणजे आम्ही ख्रिस्ती एक पंख आणि तुम्ही द्रूझ दुसरा. एक पंख अकरा वर्षं बैरूतच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या चढवतोय, दुसरा त्याच्या झाडांची जैतुनं झोडपून तेल काढतोय. पक्षी मात्र एकच आहे म्हणे.

सोबत सहीसाठी एक कागद आहे. १९८३च्या 'घटनां'मध्ये माझा भाऊ नसीब गेला, त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही, असं मी लिहून द्यायचं. नसीबचं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून माझ्या सहीवाचून महोत्सव अडतो, असं फादरनी समजावलं. तेव्हा, त्या सप्टेंबरात, नसीबला कुणी काही विचारलं नव्हतं. आता त्याच्या बहिणीला विचारल्याशिवाय मांडव उभा राहत नाही. प्रगती आहे.

आणि काय तो शब्द, 'गेला'. मी तीस वर्षं शाळेत घालवली. त्या तीस वर्षांत एकाही पोराने खिडकी फोडली नाही. खिडक्या फुटायच्या. तुझ्या शेजारचा हमद आठवतो? हातात दगड, समोर फुटकी काच, आणि मला सांगतो, "बाई, वारा आला." तोच वारा समितीवर बसलाय असं दिसतं.

माझी अट साधी आहे. समितीची दारं नकोत, खिडक्या नकोत, भाषण तर मुळीच नको. नसीबचा समाचार झालेला नाही. तो त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांपायी मागे राहिला. म्हणाला, मधमाश्या पाळणाऱ्याशी कोण भांडणार? त्यानंतर ना निरोप, ना प्रेत. मी इथे खुर्च्या मांडायला निघाले तर फादर म्हणाले, थांब, कदाचित येईल. थांबले. आता पुरे. माझ्या घरात, कफ्रतूतला, मी तीन दिवस खुर्च्या मांडणार. गावाने यायचं, कडू कॉफीचा पेला घ्यायचा, 'देव त्याच्यावर दया करो' म्हणायचं आणि प्यायचं. तेवढं झालं की सही.

म्हणून समितीला एवढंच विचार, तुमच्या महोत्सवात कॉफी कडू असणार की गोड? मयताची की लग्नाची? उत्तरावरून मला बाकीचं कळेल.

ओदेत


कफ्रतूत
१९ मार्च १९९४

ओदेत, माझ्या बाई,

तुझं अक्षर बघून रडले आणि मजकूर वाचून हसले. काडीची बदलली नाहीस. हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हातीच देतेय. पोस्टात टाकलं तर आपण दोघी मेल्यावर पोचेल. सोबत मधाची बरणी आहे. बाजारातलाच आहे, पण चांगला आहे. खा.

आधी घराचं सांगते. तुझं घर उभं आहे. छप्पर, दारं, खिडक्या, फरशी आणि गच्चीचा जिना सोडला तर जसंच्या तसं आहे. अंजीर तर इतकं माजलंय की तुझ्या झोपायच्या खोलीतून वर निघालंय.

समिती आमच्याच दिवाणखान्यात बसते, कारण अध्यक्ष आमचे अबू नायेफ. (इतर कुणी तयार नव्हतं, आणि यांना नाही म्हणता येत नाही. माझ्याशी लग्नही तसंच झालं.) मी आत असते आणि भिंतीला कान आहेत, तेव्हा मला सगळं ऐकू येतं. तुझा प्रश्न मी ताट घेऊन बाहेर गेले तेव्हा विचारून टाकला. मग शेखसाहेब म्हणाले, "कडूच हवी. माणसं मेलीत."

"शेखसाहेब, कडू दिली म्हणजे समाचार झाला," हमद म्हणाला. "समाचार झाला म्हणजे माणूस मेला. नुसता मेला नाही, मारला. मारला म्हणजे..."

इथे तो थांबला. सगळ्यांनी आपापल्या मिशा चाचपून पाहिल्या, आहेत ना म्हणून.

"मग गोड द्या," अबू नायेफ म्हणाले.

"गोड दिली तर समोरचे उठून जातील. म्हणतील, आमची माणसं मारून वर वरात काढताय."

"मध्यम?"

"म्हणजे अर्धे मेले?"

मग कुणीतरी तुतीचं सरबत काढलं. गावाचं नावच तुतीवरून, परंपरा आहे, पाहुण्यांनाही आवडेल. सगळे खूश झाले. पण हमद म्हणाला, ते लाल असतं. महोत्सवाला येणाऱ्या मंत्र्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं आणि कुणी फोटो काढला तर? सगळ्यांना तो फोटो डोळ्यांसमोर दिसला. सरबत गेलं. शेवटी संत्र्याचा रस ठरला, खोक्यातला, नळीवाला. त्याला इतिहास नाही. बहुमताने मंजूर.

हमद आता मोठा माणूस आहे हं. दारं-खिडक्यांचं दुकान आहे त्याचं, चौकात. परतणाऱ्यांना दारं तोच पुरवणार. सगळ्या घरांची मापं त्याला तोंडपाठ आहेत.

नसीबबद्दल समितीचं म्हणणं एकच. तो घटनांमध्ये गेला. त्या घटना कुठून आल्या, कुठल्या रस्त्याने परत गेल्या, कुणी पाहिलं नाही. टोळधाड परवडली, तिचं निदान तोंड तरी दिसतं.

सही करून टाक गं. सरकारने सगळ्यांनाच माफ करून ठेवलंय. तुझ्या सहीने कुणी तुरुंगात जायचं थांबणार नाही की कुणी सुटणार नाही. तुला एकदा बघायचंय मला. माझे गुडघे गेलेत, डोळे जायच्या आत ये.

तुझी वजीहा


बैरूत
२ एप्रिल १९९४

वजीहा,

सरकारने माफ केलं ते मला ठाऊक आहे. मला न विचारता केलं. भाऊ माझा आणि दिलदारपणा सरकारचा.

बरणी मिळाली. सकाळी चमचाभर मध पावावर घेतला आणि तो पाव मला खाली ठेवावा लागला. काळा, दाट, गोडवा संपता संपता टाळूला कडसर लागणारा. आमच्या उतारावरच्या ओकांचा आणि खालच्या रानओव्याचा मध आहे हा. मी त्यावर वाढले. नसीबच्या पेट्यांशिवाय तो कुठे होत नाही, आणि तू मला लिहितेस, बाजारातला.

म्हणजे नसीबच्या पेट्या तुमच्याकडे आहेत. अकरा वर्षं कुणीतरी त्यांना सांभाळतंय, धूर देतंय, मध काढतंय. तुझा नवरा समितीचा अध्यक्ष का झाला, ते आता कळलं. नाही म्हणता येत नाही म्हणून नव्हे. ज्याच्या अंगणात मेलेल्याच्या पेट्या, त्याला त्या मेलेल्याची सगळी बातमी असते. सहीची घाईही त्यालाच असते.

अबू नायेफना सांग, अध्यक्षांनी आधी हात धुवावेत, मग गुंफावेत.

मी सही करणार नाही. मध परत पाठवत नाही, कारण तो माझाच आहे.

ओदेत


कफ्रतूत
११ जून १९९४

ओदेत,

दोन महिने मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं ते तुझ्याने वाचवलं नसतं. शाळेतही तू अशीच होतीस. अर्धा प्रश्न वाचायचीस, पूर्ण उत्तर लिहायचीस, आणि सिस्टर तुलाच पैकीच्या पैकी द्यायच्या.

अबू नायेफ १९८३च्या त्या आठवड्यात गावात नव्हते. कंबर धरली म्हणून अलेयला बहिणीकडे पडून होते. त्यांनी आयुष्यात कोंबडी मारलेली नाही. ती मला मारावी लागते.

गोळी हमदची होती. बरोबर दोघे होते; एक पुढे स्वतःच मेला, दुसरा ब्राझीलला खाणावळ चालवतो. नसीब पेट्यांपाशी उभा होता, तोंडावर जाळी, हातात धुराचा डबा. हे मला माहीत आहे, अबू नायेफना माहीत आहे, शेखसाहेबांना माहीत आहे. मंत्र्याला माहीत नसेल, पण तो विचारणारही नाही. हमद कडू कॉफीविरुद्ध एवढा का भांडला, ते आता तरी कळलं ना?

भर दुपार होती. गावातली सगळी माणसं दारं वाहून नेण्यात गुंतलेली, म्हणून आम्हाला कुणी हटकलं नाही. मी आणि माझ्या सासूबाई. त्या पांढरा पदर खोचून खणत होत्या, सत्तरीला टेकल्या होत्या. नसीबला तिथेच, पेट्यांच्या मधोमध ठेवलं. सासूबाईंना जे येत होतं ते त्यांनी म्हटलं. मला जे येत होतं ते, म्हणजे सिस्टरनी छडीखाली पाठ करून घेतलेलं तुमचं 'हे आमच्या पित्या', मी म्हटलं. शेवटच्या दोन ओळी आठवेनात. मग पेट्या उचलून वर मांडल्या. तेव्हापासून तिथे कुणी कुदळ लावायला गेलेलं नाही. पहाऱ्याला पलटण ठेवली असती तर पहिल्या महिन्यात विकली गेली असती. या माश्या विकल्या जात नाहीत, आणि चावतात.

पेट्या सांभाळायला मी पुस्तकातून शिकले. डंख खाऊन खाऊन माझा हात इतका जाड झालाय की अंगठी निघत नाही. तू 'कुणी' विचारत राहिलीस. 'कुठे आहे' हे एकदा तरी विचारायचंस.

आता माझं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात माझा भाऊ शफीक बैरूतहून बसने येत होता. तुमच्या पोरांनी नाक्यावर ओळखपत्रं बघितली आणि त्याला उतरवलं. आम्हाला प्रेत मिळालं, तेवढं नशीब. तीन दिवस खुर्च्या मांडल्या. नसीब तिन्ही दिवस आला. कडू कॉफी प्यायला, 'देव त्याच्यावर दया करो' म्हणाला, आणि तुमच्या लोकांनी नंतर त्याला काय काय ऐकवलं तेही ऐकून घेतलं. तू गावातच होतीस, आमच्या गल्लीच्या टोकाला. तुझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर मी तीन दिवस दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

तेव्हा कॉफी कडू की गोड, हे मला विचारू नकोस.

गेल्या आठवड्यात हे सगळं मी समितीपुढे बोलले. परिणाम असा, की माझ्या रक्तदाबाचा शोध लागला. मला स्वतःला तो कधी सापडला नव्हता. समितीला एका बैठकीत सापडला. हवापालटासाठी मी परवा मुलाकडे, नायेफकडे, कुवेतला निघतेय. उन्हाळ्यात कुवेत. थंड हवेचं ठिकाण.

रसही बारगळला. मंत्र्याला मधुमेह आहे आणि कॉफीशिवाय त्याला भाषण फुटत नाही. परगावचा कॉफीवाला ठरलाय. सगळ्यांना गोड, मंत्र्याला वेगळी. हमदच्या सूचनेवरून.

नायेफचा पत्ता मागे लिहिलाय.

वजीहा


बैरूत
२९ ऑगस्ट १९९४

वजीहा,

शफीकच्या समाचाराला मी आले नाही. कारण होतं. पण तीस वर्षं पोरांची कारणं ऐकलीत, तेव्हा ती समोरच्याला कशी लागतात ते मला ठाऊक आहे. देत नाही.

अबू नायेफबद्दल लिहिलं ते चूक. त्यांना मी तोंडावर सांगितलं. ते अदबीने म्हणाले, "असू दे सित्त ओदेत, कंबर अजून दुखते."

म्हणजे मी गेले होते. सही न करता. तिच्यावाचून महोत्सव अडणार होता ना? काही अडला नाही. मंत्र्याची तारीख मिळाली की सलोखा आपोआप पिकतो.

मांडव चौकात होता. खुर्च्या दोन रांगांत, समोरासमोर. आम्ही काळ्या कपड्यांत, तुमच्या बायका पांढऱ्या पदरांत. सगळे आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. वर झेंड्यांच्या माळा. एका वक्त्याने सांगितलं की हे युद्ध परक्यांचं होतं, आपण फक्त जागा दिली. दुसऱ्याने सांगितलं की तीनशे वर्षं आपण भावांसारखे राहिलो. भाऊ कसे राहतात ते त्याच्या जमिनीच्या दाव्यावरून कोर्टाला ठाऊक आहे. हमद समितीच्या रांगेत, माझ्या बरोबर समोर. कोट घातला होता. पोट सुटलंय.

मग कॉफीवाला आला. पितळी किटली, हातात बिनकानाचे पेले किणकिणवत. आधी मंत्र्याला दिली. मंत्र्याने घोट घेतला, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "देव त्याच्यावर दया करो." मग दचकून त्याने पेल्यात पाहिलं.

त्याचे वेगळ्या कॉफीचे लाड असतील असं आम्हाला वाटलं. पण कॉफीवाला रांगेने पुढे निघाला, प्रत्येकाला त्याच किटलीतून. शेखसाहेब प्यायले आणि म्हणाले, देव त्यांच्यावर दया करो. शेजारचा प्यायला, तेच म्हणाला. आमच्या बाजूने फादरनी घोट घेतला, तेच. वजीहा, कडूजार होती, वेलदोडा घातलेली, खास मयताची. आणि तुला माहीत आहे, ती चव जिभेवर आली की आपल्याला पुढचे शब्द थांबवता येत नाहीत. आई-बापांनी आपल्याला तेवढं एक नीट शिकवलंय.

अबू नायेफ किटलीमागे पळत होते. "अरे साखर, साखर राहिली."

"समाचाराच्या कॉफीत साखर?" कॉफीवाला म्हणाला. "काका, तुमच्या घरचं गेलंय का कुणी? बसा तुम्ही. दुःखात होतं असं."

तोवर पलीकडून एक म्हातारी उठून आमच्याकडे आली होती. पाठोपाठ दुसरी. 'घटना' हा शब्द नंतर कुणी काढला नाही, नावंच निघाली. नसीब. मिलहेम. बेकरीवाल्याची दोन्ही पोरं. शफीकचं नाव मी घेतलं. एक पेला नसीबसाठी प्यायले आणि एक शफीकसाठी, आणि ज्याला ऐकू जायला हवं होतं त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. मंत्र्याचं भाषण राहूनच गेलं. त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात परत ठेवलं. पुढच्या गावी चालेल.

हमदच्या हातात पेला होता. त्याने तो ओठापर्यंत नेला नाही. वाकून खाली, माझ्या पावलांसमोर ठेवला.

सगळ्या मांडवाने पाहिलं. आपल्याकडे पेला न पिता समोर ठेवला म्हणजे माणूस काही मागायला आलाय, हे दुधाच्या दातांच्या पोरालाही कळतं. यजमानाने 'घे, तुझं काम झालं' म्हटलं की मगच प्यायची. हमदने ठरवून ठेवला की नुसतं प्यायचं टाळायला, ते मला सांगता येणार नाही. त्यालाही येणार नाही.

"आपण घेत नाही का?" मंत्र्याने त्याला विचारलं.

"ॲसिडिटी आहे," हमद म्हणाला.

मी म्हटलं, "हमद, काही मागायचं असेल तर उभं राहून माग."

तो उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला माणूस, बाईंचा आवाज ऐकून ताडकन उभा राहिला. तोंड उघडलं. मग म्हणाला, "बाई, फार गरम होतंय," आणि बसला.

वारा आला, तसंच.

संध्याकाळच्या आत मी उतारावर जाऊन आले. पेट्यांना नवा चुना तूच दिला असशील. राहिलेल्या दोन ओळी मी म्हटल्या. एक माशी मानेला चावली.

कॉफीवाल्याकडून एवढी मोठी चूक कशी झाली, याची समिती चौकशी करते आहे.

ओदेत


सालमिया, कुवेत
१७ सप्टेंबर १९९४

ओदेत,

तुझं पत्र मी वातानुकूलित खोलीत शाल पांघरून वाचलं. बाहेर रस्ता वितळतोय. नायेफ विचारतो, आई, हसतेस का रडतेस? म्हटलं, रक्तदाब आहे.

समितीला सांग, चौकशी थांबवा. मी निघायच्या आदल्या दिवशी तो कॉफीवाला बयाणा घ्यायला आला होता. अबू नायेफ घरी नव्हते. दारात उभा राहून विचारतो, "मावशी, एवढ्या खुर्च्या, मंत्री, दोन धर्मांची माणसं... काय आहे घरात? लग्न की मयत?"

परका माणूस. अकरा वर्षांत त्या गावात एवढा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्याला सरळ उत्तर दिलं.

वर सांगितलं, मध्येच कुणी साखर मागेल. ऐकू नकोस, दुःखात होतं असं.

हमदने पेला ठेवला हे मात्र मी शिकवलेलं नाही. त्याचं काय झालं पुढे? आणि माझ्या पेट्यांना थंडीआधी आडोसा कोण करणार? अबू नायेफ जवळ गेले तर आणखी एक खड्डा खणावा लागेल.

वजीहा


कफ्रतूत
६ नोव्हेंबर १९९४

वजीहा,

पेट्यांना आडोसा केला. मी केला. उजवा हात सुजलाय, म्हणून अक्षर असं आहे.

मी इथे राहायला आले आहे. एका खोलीवर पत्रा घातलाय, उरलेल्या खोल्यांत अंजीर राहतं. आमची आणखी चार घरं परतलीत. बाकीचे रविवारी मोटारीने येतात, मांस भाजतात, हवा किती छान म्हणतात आणि अंधार पडायच्या आत बैरूतला पळतात. फादरना नसीबला कबरस्तानात हलवायचं होतं. मी म्हटलं, तुमच्या कबरस्तानाची भिंत पडलेली आहे, तिथे शेळ्या चरतात. इथे अजून एकही शेळी आलेली नाही.

हमदचं विचारलंस. पहिल्या आठवड्यात मी सकाळी उठले तर तो दारापाशी होता. दारापाशी म्हणजे दार घेऊन. अक्रोडाचं, खाली आमच्या कुत्र्याने ओरबाडलेलं. त्याने ते बिजागरीवर चढवलं. एका फटक्यात बसलं. बसणारच, त्याला माप घ्यावं लागलं नाही.

मग तो ओट्यावर बसला. आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, म्हणून मी कॉफी आणली. कडू. त्याने पेला समोर ठेवला. मी पण बसले. तासभर आम्ही दोघांनी त्या पेल्याकडे पाहिलं. मग तो उठून दुकानात गेला.

तेव्हापासून दर गुरुवारी येतो. आधी खिडकी आणली, मग गच्चीच्या जिन्याचा कठडा. आता आणण्यासारखं काही उरलेलं नाही, तर नुसताच येतो. मी ओतते, तो ठेवतो. एकदा म्हणाला, "बाई, त्या दिवशी..." मी वाट पाहिली. तो म्हणाला, "त्या दिवशी ऊन फार होतं." हे वाऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे. मी त्याला पूर्वीही पास केलं नव्हतं, आताही करणार नाही; पण परीक्षेला बसतोय, हे लिहून ठेवते.

तुझा रक्तदाब समितीच्या मते उतरला असेल तर ये. अबू नायेफ तुझ्याशिवाय रोज उकडलेले बटाटे खातात आणि मला त्याबद्दल सांगतात. तू आलीस की मी तुमच्या घरी शफीकच्या समाचाराला येणार आहे. पेला तुझ्यासमोर ठेवीन आणि पिणार नाही. मला काय मागायचंय ते मी उभी राहून, तोंडाने मागेन. तू घे म्हणशील की नाही, तो तुझा प्रश्न. घाई नाही.

तो सहीचा कागद अजून तसाच आहे, मधाच्या बरणीखाली. बरणी डगमगत नाही त्यामुळे. अबू नायेफ काल पुन्हा आले होते. मंत्रालयातून विचारणा झाली म्हणे, कफ्रतूतचा सलोखा पूर्ण झाला असं कळवायचंय, एकच सही राहिली आहे.

"सित्त ओदेत, तुमच्यापायी सगळ्या गावाचा सलोखा अडलाय," ते म्हणाले.

गुरुवार होता. मी म्हटलं, "अडलेला नाही, अबू नायेफ. तो काय, बाहेर ओट्यावर बसलाय. कॉफी गार होतेय त्याची."

ओदेत